कापलेली अंगठी

"अंगठी कापावी लागेल," डॉक्टर म्हणाले, आणि सासूबाईंनी मान हलवायच्या आत मी म्हणाले, "कापा."

सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या. उजवा हात मनगटापासून सुजून टम्म झाला होता आणि अंगठीचं बोट निळं पडायला लागलं होतं. घणसोलीतल्या आमच्या घरापासून हॉस्पिटल जवळच, तरी रिक्षात त्या वाटभर एकच बोलत होत्या, "अंगठीला हात लावू देऊ नकोस हं." हाताचं काही नाही. मोडलेल्या हाडाचं काही नाही. नर्सने साबण लावून पाहिलं, दोरा गुंडाळून पाहिलं, अंगठी हलेना. मग ते छोटं कापायचं यंत्र आलं. सासूबाई माझ्याकडे बघून ओरडल्या, "साखरपुड्याची आहे ती! सासूबाईंची आहे माझ्या!" मी त्यांचा खांदा धरून ठेवला. म्हटलं, "आई, बोट राहिलं पाहिजे ना." आवाज अगदी सुनेला शोभेल असा काढला. आतून मात्र मला जे वाटत होतं ते सांगते: इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

चांदीच्या पट्टीवर चाकू घासावा तसा बारीक आवाज आला आणि अंगठी उघडली. नर्सने ती कापसात गुंडाळून माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "सांभाळा काकू, जुनी दिसतेय."

सांभाळा म्हणे. लग्नाला तीस वर्षं होत आली, आणि ही अंगठी माझ्या हातात आली आणि कोणी लगेच परत मागितली नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं.

ती कुणाची हे आमच्या घरात मुलांच्या पाढ्यांसारखं म्हणून दाखवलं जायचं. ती आधी माझ्या आजेसासूबाईंची. गिरगावातल्या कुठल्याशा सोनाराने घडवलेली, जाड कड्याची, बंद कोंदणात बसवलेला लालभडक माणिक. मग ती सासूबाईंची झाली. आणि मग 'आमच्या सुनेची'. हे शेवटचं फक्त बोलायला.

माझ्या साखरपुड्याला सासूबाईंनी ती भर हॉलमध्ये माझ्या बोटात घातली. सैल होती. त्यांनी आधीच कड्याला लाल दोरा गुंडाळून आणला होता. माझी मावशी कौतुकाने म्हणाली, "पिढीजात अंगठी दिली हो, नशीब काढलंस!" फोटो निघाले. पेढे वाटले. आणि संध्याकाळी मंडळी पांगल्यावर, मी साडी बदलायला गेले तिथे, सासूबाई आत आल्या आणि हात पुढे केला. "दे गं. घरची आहे, कुठे हरवशील." मी वाट पाहिली की हसतील. हसल्या नाहीत. मीच काढून दिली.

त्यानंतर हे असंच. कुणाचं लग्न असलं, कुणाची मुंज असली की हॉलच्या दारात माझ्या बोटात अंगठी चढायची आणि परतीची गाडी सुरू व्हायच्या आत उतरायची. एकदा नात्यातल्या एका लग्नात बोट घामाने फुगलं होतं, निघेना. तर हात धुवायच्या बेसिनपाशी सासूबाईंनी माझा हात नळाखाली धरला आणि खेचून काढली. बाजूला नवऱ्या मुलीकडच्या बायका उभ्या होत्या. एकीने विचारलं, "काय झालं?" सासूबाई म्हणाल्या, "काही नाही, हिला रुतते." बोटाची साल निघाली होती. मी वर हसले.

तरी एवढ्याने मी पेटून उठले नसते. घालून काढून घेणं मी सोसलं, तशा बायका बरंच सोसतात. मला जे आजवर गिळता आलं नाही ते दुसऱ्याच अंगठीचं आहे.

साखरपुड्याला आमच्याकडूनही जावयाला अंगठी दिली होती. माझे बाबा रत्नागिरीकडे शाळेत कारकून. त्यांनी स्वतःच्या बोटातली मोडून, वर थोडं घालून, गावच्या सोनाराकडून ती करून घेतली. साधी, मध्ये चौकोनी पाट. दोन वेळा चालत गेले सोनाराकडे, कारण पाट एका बाजूला तिरका वाटत होता. साखरपुड्याला ती डबी स्वतः उघडून माझ्याकडे देण्याआधी त्यांनी पाट सदऱ्याच्या टोकाने पुसला, ते मी पाहिलं होतं.

लग्न झालं आणि पहिली दिवाळी यायच्या आत ती अंगठी गेली. माझ्या नणंदेचं लग्न ठरलं होतं. सासूबाईंनी नवऱ्याच्या कपाटातून ती काढली, सोनाराकडे टाकली आणि नणंदेला कुड्या केल्या. मला विचारणं तर सोडाच, सांगितलंसुद्धा नाही. मला कळलं कुड्या घरी आल्यावर. मी विचारलं तर म्हणाल्या, "हलकीच होती गं. म्हटलं, पोरीला कुड्या तरी होतील." नवरा तिथेच होता. वर्तमानपत्राचं पान उलटलं त्याने.

दिवाळसणाला आम्ही माहेरी गेलो. बाबांचं लक्ष पहिल्यांदा जावयाच्या हाताकडे गेलं. मला वाटलं आता विचारतील आणि हे सगळं बाहेर पडेल. बाबांनी एवढंच विचारलं, "सैल होत होती का?" नवरा म्हणाला, "नाही, कामावर घालत नाही मी, ठेवलीय." बाबा म्हणाले, "बरोबर आहे. बंदराचं काम, जपूनच राहावं." नवरा तेव्हा नुकता न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या कामाला लागला होता. बाबांनी ते खरं धरलं. पुढे वारले तेव्हाही त्यांच्या मनात ती अंगठी घणसोलीच्या एका कपाटात नीट ठेवलेली होती. आईने मात्र ओळखलं होतं. तिने माझ्या रिकाम्या बोटाकडे पाहिलं, त्याच्या रिकाम्या बोटाकडे पाहिलं, आणि करंज्या तळायला गेली.

तर अशी ही कापलेली अंगठी कापसात गुंडाळून माझ्या पर्समध्ये होती आणि घरात तिच्यावर चर्चासत्र सुरू झालं.

सासूबाईंचा हात प्लास्टरमध्ये, पण तोंड मोकळं. हुकूम आला: जशी होती तशीच जोडून आणायची. खडा हलवायचा नाही, पॉलिश करायचं नाही, वजन करून द्यायची, वजन करून घ्यायची. नणंदेचा पुण्याहून फोन, "वहिनी, तू कशाला दगदग करतेस, कुणाबरोबर तरी माझ्याकडे पाठव, मी इथल्या सोनाराला दाखवते." म्हणजे पुण्याहून ती परत येणार नव्हती, हे न कळायला मी काही कालची नाही. नवरा म्हणाला, "अगं, जोडून आण आणि विषय संपव. उगाच टेन्शन." त्याला सगळे विषय संपवायचे असतात. सुरू झालेले विषय कुणाचे असतात, हे त्याने कधी पाहिलं नाही.

मी सगळ्यांना एकच सांगितलं, "बघते."

तळवली गावात आतल्या गल्लीत एक जुना सोनार आहे. आमच्या सोसायटीतल्या बायका मंगळसूत्र ओवायला, काटा बदलायला त्याच्याकडेच जातात. त्याने अंगठी काचेवर ठेवून भिंगातून पाहिली. म्हणाला, "वहिनी, डाख देऊन जोडता येईल. पन आतून कडं झिजलंय, पातळ झालंय. जोड दिला तरी कधी तुटंल सांगता येनार नाय. त्यापेक्षा आटवून नवी करा. खडा तोच ठेवू. नव्यासारखी व्हईल."

मी तिथे स्टुलावर बसले आणि खरंच विचार केला. रागाने नाही, शांतपणे. जोडून नेली तर काय? सासूबाई डावा हात पुढे करतील, घेतील, आणि पुन्हा तेच हॉल, तोच दरवाजा. मी पन्नाशी ओलांडली तरी मला फोटोपुरती मिळणार. नवी करून स्वतःच्या मापाची केली तर? तरी ती त्यांचीच राहणार. माझ्या बोटात असली तरी नजर त्यांची राहणार, आणि त्या जेवताना, टीव्ही बघताना हात पुढे करणार, "दे गं, बघू." माझ्या बोटात ती कधी माझी होणारच नव्हती. हे मला त्या स्टुलावर बसून अगदी लख्ख कळलं. अंगठी म्हणून ती राहिली तर जिंकणार त्याच.

शेजारी एक नवी नवरी, हिरव्या चुड्यातली, जोडवी बघत होती. चांदीची, फुलांची. पाय पुढे करून सोनाराच्या बायकोकडून घालून घेत होती आणि "टोचतंय गं" म्हणून हसत होती. मी तिच्या पायाकडे पाहत राहिले. आणि माझ्या मनात जे आलं ते इतकं सोपं होतं की मला हसू फुटलं.

"यातल्या सोन्याची जोडवी करून द्याल?" मी सोनाराला विचारलं.

त्याने भिंग खाली ठेवलं. "कसली?"

"जोडवी. पायातली. खडा वेगळा काढून द्या."

"वहिनी, पायात सोनं कोन घालतं?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "लक्ष्मी हाय ती. कमरेच्या खाली सोनं नाय चालत. तुमाला म्हाईत हाय ना?"

"माहीत आहे म्हणूनच विचारतेय."

त्याने अंगठी कापसात गुंडाळली आणि माझ्याकडे सरकवली. "दुसरं काय पन सांगा, करून देतो. हे नको." त्याची बायकोही माझ्याकडे बघायला लागली. नवरीने पाय ओढून घेतला. मी अंगठी पर्समध्ये टाकली आणि रिक्षा पकडली. रिक्षात मला थोडी भीती वाटली, खोटं का सांगू. देवाधर्माचं मी करते. शुक्रवारी हळदीकुंकू लावल्याशिवाय दिवा लावत नाही. माझी आई पायात सोन्याचा कण पडला तरी उचलून कपाळाला लावायची. लक्ष्मीला पायाशी नेणं म्हणजे काय, हे मला त्या सोनाराने शिकवायची गरज नव्हती.

म्हणून मी ते काही आठवडे मनातच ठेवलं. सासूबाईंना सकाळी चहा पाजत होते, वेणी घालत होते, अंघोळ घालत होते, प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधून. हात दुखत असला तर त्या रात्री हाका मारायच्या, मी उठायचे. सेवेत कसूर केली नाही मी, आणि प्रेमाने केली असंही म्हणणार नाही. रोज सकाळी पहिला प्रश्न तोच, "दिलीस का?" मी म्हणायचे, "देते." कधी वाटायचं, म्हातारीचं वय झालंय, सोडून द्यावं. जोडून आणावी, बोटात घालावी, एका भिंतीवर डोकं आपटून काय मिळणार?

मग सोसायटीतल्या बायका त्यांना बघायला आल्या. मी आत पोहे करत होते. बाहेर सासूबाई सांगत होत्या, "हात बरा होईल हो. माझा जीव अंगठीत अडकलाय. हिच्याकडे दिलीय, बघू काय दिवे लावते. हिच्या माहेरी असलं काही बघितलंय कुठे! बापाने दिलेली एक होती, फुंकर मारली तर उडाली असती. मीच मोडून टाकली, म्हटलं लोकांत शोभा नको." आणि हसल्या. बायकाही हसल्या, त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक. मी कढईतले पोहे हलवत राहिले. ते खाली लागले, करपले, तरी हलवत राहिले.

त्यांना हे लपवायचंसुद्धा नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की निदान मनात कुठे टोचत असेल. काही टोचत नव्हतं. माझे बाबा त्यांच्या लेखी एक गंमत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ झाल्यावर पायाच्या बोटाला दोरा गुंडाळून माप घेतलं, गाठ मारली आणि तो दोरा घेऊन सेक्टरच्या बाजारातल्या एका मोठ्या दुकानात गेले. एसी, आरसे, गणवेशातल्या मुली. तिथे कुणी कुणाला ओळखत नाही. म्हटलं, "ही मोडायची आहे. साध्या दोन रिंगा हव्यात, मागून उघड्या, या मापाच्या. भाचीच्या मुलीला." काउंटरवरच्या मुलीने दोरा मोजला, "ओके मॅम," म्हणाली, वर एक शब्द नाही.

त्या दुकानात सोनं गिऱ्हाइकासमोर आटवतात, काचेपलीकडे. आधी कारागिराने कोंदण उघडून माणिक काढला आणि एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत ठेवला. मग कडं मुशीत टाकलं. मला म्हणाला, "मॅडम, बसा बाहेर, गरम होतं." मी म्हटलं, "नाही, मी बघणार." माझ्या बाबांची अंगठी आटली तेव्हा तिथे आमच्यापैकी कुणी नव्हतं. आज मी होते. कड्याची कड पहिल्यांदा गोल झाली, मग वाकली, मग सगळं मिळून एक लालसर थेंब राहिला आणि मुशीत इकडेतिकडे फिरायला लागला. कोणाची होती हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. मी तिथून हलले नाही. मनात म्हटलं, बाबा, बघा.

रिंगा मिळाल्या त्या दिवशी दुपारी मी पायातली चांदीची जोडवी काढून ठेवली आणि या चढवल्या. साध्या, पिवळ्या, घट्ट. फरशीवर चालताना थोडा वेगळा आवाज येत होता, की मलाच तसं वाटत होतं. नवरा कामावर होता. सासूबाई बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसल्या होत्या, पाय ठेवायला समोर बुटकं स्टूल. प्लास्टर नुकतंच निघालं होतं. उजवा हात अजून नीट वळत नव्हता, पण डावा ठीक होता.

"आणलीस का?" त्यांनी विचारलं.

"आणली."

त्यांनी डावा हात पुढे केला. नेहमीसारखा, तळवा वर. मी त्यावर ती प्लास्टिकची डबी ठेवली. त्यांनी अंगठ्याने झाकण उघडलं. आत माणिक, एकटा. त्यांनी डबी वाकडी करून पाहिली, कापूस उचलून पाहिला.

"हे काय? अंगठी कुठंय?"

"कडं झिजलं होतं, आई. जोड टिकला नसता. आटवली."

"आटवली?" त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "मला न विचारता? अगं, सासूबाईंची... सोनं कुठंय मग? सोनं कुठं ठेवलंस?"

मी साडीच्या निऱ्या थोड्या वर धरल्या आणि उजवा पाय त्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवला.

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटले आणि उघडले. "पायात?" त्या म्हणाल्या. "लक्ष्मी पायात? अगं, काय केलंस हे! काढ. काढ आधी!"

"तुमचीच आहे ना," मी म्हणाले. "तुम्ही काढून घ्या. नेहमी तुम्हीच काढून घेता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रडतील, शाप देतील, मुलाला फोन लावतील. मला वाटलं, सुनेच्या पायातून काढून घेणं कुणाला जमणारच नाही. पण सोनं समोर होतं आणि त्यांना ते दुसऱ्याच्या अंगावर बघवणारं नव्हतं. पायातसुद्धा नाही. त्यांनी डबी मांडीवर ठेवली, खुर्चीचा हात सोडला आणि वाकल्या.

त्यांची बोटं माझ्या पायाला लागली. थंड होती. मोठ्या माणसाचा हात पायाकडे आला की पाय आपोआप मागे जातो, हे कुणाला शिकवावं लागत नाही. माझाही गेला असता. मी तो दाबून तिथेच ठेवला. त्या एका हाताने रिंग फिरवत होत्या, ती निघत नव्हती, मान माझ्या गुडघ्यापाशी आली होती, पांढऱ्या केसांमधली रुंद झालेली भांगाची जागा मला दिसत होती. तो भांग मीच सकाळी विंचरला होता. मी मदत केली नाही.

शेवटी निघाली. सरळ होऊन त्या धापा टाकत बसल्या, रिंग तळव्यावर धरून. बोटात घालता येत नव्हती, पायातली होती. देव्हाऱ्यात ठेवता येत नव्हती. डबीत माणिक होता, त्याच्याशेजारीही ठेववेना. त्यांनी ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मग परत.

"ही आता ठेवू कुठे?" त्यांनी मला विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला काही विचारल्याचं मला आठवत नाही.

मी उजवा पाय खाली घेतला. दुसरा पाय स्टुलावर ठेवला.